कॉलरला लागलेला रंग

माधवनगरच्या त्या शेडमध्ये शाळेचे गणवेश शिवले जात, आणि रोज सकाळचा पहिला अर्धा तास धागे कापायचा असे. आदल्या दिवशी शिवून झालेल्या पांढऱ्या शर्टांचा ढीग मधोमध ओतायचा, सात जणींनी भोवती बसायचं आणि लोंबणारे धागे कात्रीने छाटायचे. मशिनी बंद, हात चालू, तोंडं मोकळी. अशा वेळी कुणाच्या सुनेची, कुणाच्या जावेची नावं निघणार हे काय सांगायला हवं? पण गेले दोन महिने तिथे एकाही सुनेला उचकी लागली नव्हती. सगळ्यांचे कान मंगलकडे असत, आणि मंगल कोरियातली गोष्ट सांगत असे.

मंगल कवठेमहांकाळहून एसटीने यायची. खिडकीशी बसून, कानात वायरी घालून, ती हिंदीत बोलणारी एक कोरियन मालिका मोबाइलवर बघायची. एका प्रवासात एक भाग. आठवड्याला दोनच नवे भाग यायचे, पण एकेक भाग ती दोन-तीन दिवस पुरवून सांगायची. शेडमध्ये चप्पल काढता काढताच ती म्हणायची, "बायांनो, आज लय झालंय!" एवढ्यावर क्रांतीच्या हातातली कात्री थांबायची. क्रांती त्या सगळ्यांत धाकटी, नुकतंच लग्न ठरलेली. दुसऱ्याच्या प्रेमात तिचा जीव जरा जास्तच अडकायचा.

सांगण्याची कला मंगलच्या रक्तातच होती. तिचा आजा बिरोबाच्या जत्रेत धनगरी ओव्या सांगायचा. जन्मभर मेंढरांमागे हिंडलेला माणूस, पण खांद्यावर घोंगडं टाकून कानाला हात लावला की चार गावची माणसं जागची हलायची नाहीत. बायकांनी चारचौघांत ओवी सांगायची तिच्या घरात रीत नव्हती. मालिका सांगायला मात्र कुणाची आडकाठी नव्हती, आणि मंगलने ती अशी धरली की सोडायचं नाव नाही.

कोरियन नावं कुणाच्या जिभेवर बसेनात, म्हणून पहिल्याच आठवड्यात बारसं उरकलं. कारखानदाराचा उंच, देखणा मुलगा तो वीरधवल. त्याच कारखान्यात कपड्यांची चित्रं काढणारी गरीब, मानी मुलगी ती राजेश्वरी. आणि तिसऱ्या भागात आणखी एक माणूस आला. परदेशातून आलेला, काळासावळा, खोकी वाहणारा. कुठल्या देशाचा ते मालिकेला सांगायची गरज वाटली नव्हती. त्याला नावसुद्धा नव्हतं. सगळे त्याला 'ए मसाला' म्हणत.

मंगलने त्या दिवशी जे दिसलं ते जसंच्या तसं सांगितलं. तो डबा घेऊन जेवायला बसला, तशी बाकीच्यांनी नाकं दाबून खुर्च्या लांब नेल्या. क्रांती फिस्सकन हसली. भामाबाई हसल्या नाहीत.

भामाबाई काज-बटणाच्या कामाला होत्या. साठी उलटलेली, जतकडची बाई. गुडघे बोलायला लागेपर्यंत त्याही मेंढरांमागे हिंडल्या होत्या. एकुलता मुलगा मल्हार दूर दक्षिणेत, समुद्रकाठच्या एका गावात, सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या गलाईच्या दुकानात कामाला होता. त्यांनी कात्री खाली ठेवली.

"त्यो साधा न्हाई," त्या म्हणाल्या.

"कोन मावशी?"

"त्यो मसाला म्हनत्यात त्यो. आगं, घोंगडं पांघरून, अंगाला मेंढराचा वास घिऊन दारात कोन येतंय? देवच येतोय की! समद्या ओव्यांत ह्येच हाय. आदी लोकं नाकं मुरडत्यात. मग शेवटाला त्यो घोंगडं टाकतोय आन् उजेड पडतोय. ल्याहून ठेव मंगल, ह्योच त्या कारखान्याचा खरा धनी. ज्योतिबा म्हना त्याला."

हे कुणालाच सुचलं नव्हतं, आणि सुचल्यावर सगळ्यांना इतकं पटलं की वीरधवल क्षणात फिका पडला. त्या दिवसापासून शेडमध्ये दोन पार्ट्या झाल्या. एकीला वीरधवल राजेश्वरीला कधी विचारतो याची घाई, दुसरीला ज्योतिबा घोंगडं कधी टाकतो याची. कटिंग करणाऱ्या आणि शेडचं काम बघणाऱ्या संयोगिताताई एरवी कामाच्या वेळेला फार जपायच्या, पण अर्धा तास संपल्यावर "आणखी पाच मिनिटं" असं त्याच म्हणू लागल्या.

इथवर सगळं छान होतं. पाचव्या भागात घोटाळा झाला.

मिरजेच्या अलीकडे एसटीत मंगलने तो भाग बघितला. ज्योतिबा खोलीत शिरला, तशी एका बाईने बाटली काढून त्याच्या अंगावर अत्तराचा फवारा मारला. मागून हसण्याचा आवाज. तो बिचारा मान डुगडुगवत हसला आणि परत फवारा. मंगलच्या कानशिलांना चटका बसला. तिसरीत असताना मेंढरांचा वास येतो म्हणून बाईंनी तिला दाराशी बसवलं होतं. तेव्हाही वर्ग असाच हसला होता, आणि तीही सगळ्यांबरोबर हसली होती.

शेडमध्ये भामाबाई वाटच बघत होत्या. "माजा ज्योतिबा काय म्हनतोय?" मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "काल मल्हाऱ्याचा फोन आलता. बरं हाय म्हनला. कवा बी इचारा, बरंच हाय म्हनतोय."

मंगलने तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते मोबाइलमधलं नव्हतं.

"फवारा मारला त्याच्यावर," ती म्हणाली. "पर त्यो नुसता हासला. आन् हासता हासता त्याच्या खिशातनं एक किल्ली पडली."

"कसली किल्ली?" सहा जणी एका श्वासात.

"मेलेल्या थोरल्या मालकाच्या कपाटाची."

काय तो गलका! क्रांतीने शर्टाऐवजी स्वतःच्या ओढणीचा धागा कापला. भामाबाईंनी मांडीवर थाप मारली. मंगलला मग थांबताच येईना. सहाव्या भागात किल्लीमागोमाग एक जुना फोटो आला. आठव्यात थोरल्या मालकाचं पत्र. दहाव्यात वीरधवलच्या आईने ज्योतिबाला बघितलं आणि तिच्या हातातला कप फुटला. मोबाइलवर तो माणूस दर भागात घसरून पडत होता, हाताने भात खाल्ला म्हणून हसं करून घेत होता. शेडमध्ये मात्र तो दर भागाला वीतभर उंच होत होता. आपण खोटं बोलतोय असं मंगलला सांगताना कधी वाटायचं नाही. वाटायचं ते संध्याकाळी, परतीच्या गाडीत.

या सगळ्यात पलीकडे, खोक्यांच्या भिंतीमागे, इस्त्रीचं टेबल होतं. तिथे तीन वर्षांपासून एक बिहारी माणूस उभा असायचा. चाळिशीचा, केस पिकायला लागलेला. "ए भय्या, शर्ट घे," "ए भय्या, घडी नीट घाल," एवढंच त्याच्याशी बोलणं. गोष्ट चालू असताना त्याची इस्त्री बंद असायची. वीज वाचते म्हणून संयोगिताताईंनी कधी हटकलं नाही.

चौदावा भाग झाला आणि संयोगिताताईंनी जाहीर केलं, "शेवटचे दोन भाग माझ्या घरी! रविवारी दुपारी सगळ्यांनी विश्रामबागला यायचं. मोठ्या टीव्हीवर बघू. मी भडंग करते."

संयोगिताताई वाळव्याकडच्या उसवाल्या घरातल्या, नवरा सैन्यात सुभेदार. त्याने मागच्या सुट्टीत कॅन्टीनमधून आणलेला टीव्ही भिंतभर होता, आणि तो कुणाला तरी दाखवायची त्या कधीपासून संधी शोधत होत्या. बायकांनी टाळ्या पिटल्या.

"ताई, ऐकायलाच बरं वाटतंय की," मंगलने म्हणून बघितलं.

"आगं, दोन म्हैनं ऐकलं! आता डोळं भरून बघू की!" क्रांती ओरडली.

रविवारी सहा जणी बघणार, की ज्योतिबाकडे किल्ली नाही, फोटो नाही, पत्र नाही. तिची गोष्ट उघडी पडणार आणि परत तिच्या तोंडून कुणी काही ऐकणार नाही. ते एक वेळ चाललं असतं. पण भामाबाई? शनिवारी मंगल दोनदा त्यांच्याजवळ जाऊन बसली, दोनदा उठली. मनात एक वेडी आशाही होती. शेवटचे दोन भाग तिने तरी कुठे बघितले होते? कोण जाणे, शेवटाला खरंच असेल कपाट. इतके दिवस सांगून सांगून ते कपाट तिला स्वतःलाच दिसायला लागलं होतं.

रविवारी भामाबाई नवं इरकल नेसून आल्या. पदराला गाठ मारलेली.

"काय बांधलंय मावशी?"

"बिरोबाचा भंडारा हाय. ज्योतिबानं घोंगडं टाकलं की उधळायचा."

संयोगिताताईंनी आपल्या नव्या सोफ्याकडे बघितलं. पण नाही म्हणायची त्यांची छाती झाली नाही.

पंधरावा भाग सुरू झाला. वीरधवल दाराएवढा दिसत होता. क्रांतीने भडंगाचा तोबरा भरला तो गिळायचा विसरली. दहा मिनिटांनी ज्योतिबा आला आणि बायकांनी त्याला पहिल्यांदा डोळ्यांनी बघितलं. पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटण.

"थांबवा! ताई, थांबवा!" क्रांती उठून उभी राहिली. "त्याची कॉलर बघा!"

चित्र थांबलं. सहा जणी टीव्हीपाशी गेल्या. ज्यांच्या हाताखालून रोज कॉलरींचे ढीग जातात त्या बायका होत्या या. कॉलरच्या आतल्या कडेला तपकिरी पट्टा उमटला होता.

"मळ न्हाई ह्यो," क्रांती म्हणाली. "मळ असा बसत न्हाई. रंग हाय."

संयोगिताताईंनी पडद्यावर बोट ठेवलं. कानामागे तो रंग संपत होता. तिथून मागे मान गोरी होती. मोबाइलच्या एवढ्याशा काचेवर मंगलला हे कधी दिसलंच नव्हतं.

"म्हटलं न्हवतं?" भामाबाईंचा आवाज खोलीत घुमला. "रूप पालटलंय त्यानं! त्यो ह्यो न्हाईच! आतनं दुसराच हाय!"

मग जो कल्ला झाला तो शेजारपाजाऱ्यांनीही ऐकला असेल. क्रांतीने शिट्टी मारली. खरं झालं! तिने हवेतून काढलेली किल्ली खरी निघाली! तिला रडू येईल की हसू हेच कळेना. भामाबाईंचा हात पदराच्या गाठीवर गेला. "लाव बाई म्होरं! लाव लवकर!"

चित्र पुढे सरकलं. कारखान्यात मेजवानी होती. ज्योतिबाला चमकीचा फेटा घातला आणि मधे नाचायला लावलं. तो मान डुगडुगवत नाचला, घसरला आणि तोंडावर केकमध्ये पडला. सगळे हसले. वीरधवल हसला. राजेश्वरी, तीच ती मानी राजेश्वरी, तोंडावर हात ठेवून हसली. मग कुणाची तरी अंगठी हरवली आणि पहिले हात गेले ते ज्योतिबाच्या खिशात. तो गुडघ्यावर बसून रडला, आणि त्याच्या रडण्यावर गमतीची पिपाणी वाजली. अंगठी वीरधवलच्या कोटात निघाली. कुणी चूक झाली म्हटलं नाही. ज्योतिबाला पोछा दिला आणि केक पुसायला लावला. त्याने मान डुगडुगवली आणि पुसला. भाग संपला.

भामाबाईंचा हात अजून गाठीवर होता. "त्यो तोंड कवा पुसनार?"

संयोगिताताईंनी हळूच सांगितलं, "मावशी, ते गोष्टीतलं नाही. तो नटच गोरा आहे. काळा दाखवायला त्याला रंग फासलाय."

"मग काळा मानूसच का न्हाई घेतला?"

संयोगिताताईंनी भडंगाची ताटली उचलली.

"हासायला पायजे म्हनून रंग लावला व्हय," भामाबाई म्हणाल्या. मग त्या मंगलकडे वळल्या. "आन् किल्ली?"

"न्हवती मावशी. म्या घातली."

"फोटू?"

"त्यो पन."

"म्हंजी पयल्यापासनं त्याला असंच हासत्यात?"

"व्हय." मंगलच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमी त्याला ज्योतिबा म्हनला, मावशी. आन् मल्हारभाऊ तिकडं लांब हाय. माज्यानं सांगवंना."

पुढच्या भागात वीरधवलचं लग्न होतं. दोन महिने क्रांती त्या लग्नासाठी जगत होती. तिनेच रिमोट उचलला.

"माज्या हळदीत माजा नवरा असा हासला, तर म्या बोहल्यावर चढनार न्हाई," ती म्हणाली, आणि तिने टीव्ही बंद केला. परत कुणीही तो लावला नाही.

भामाबाईंनी मोबाइल काढून मंगलपुढे धरला. "मल्हाऱ्याला लाव. मोठ्या आवाजात."

मल्हार हसतच बोलला. बरं हाय म्हणाला.

"ते मला ठावं हाय. तिथं तुला काय म्हनून हाक मारत्यात?"

"आं? बंगाली म्हनत्यात."

"का रं? तू तर जतचा!"

"आगं, भायेरनं आलेलं समदं बंगालीच त्येस्नी. त्यात काय एवढं, आई? आपून तरी कुनाला नाव इचारतोय?"

फोन ठेवून भामाबाई उठल्या. भंडाऱ्याची गाठ तशीच होती.

"उद्या सांग," त्या मंगलला म्हणाल्या.

"काय मावशी? मालिका तर आपुन सोडली."

"मालिका गेली खड्ड्यात. किल्ली तू घातलीस न्हवं? मग कपाट कोन उघडनार?"

सोमवारी मंगलने एसटीत कानात वायरी घातल्या नाहीत. खिडकीबाहेर बघत ती सारखी ओठ हलवत होती, आणि शेजारची बाई तिच्याकडे संशयाने बघत होती. शेडमध्ये शर्टांचा ढीग ओतला होता. सहा जणी आधीच बसल्या होत्या, कुणाची कात्री चालू नव्हती. मंगलने घसा खाकरला आणि खोक्यांच्या पलीकडे खट्‌ आवाज झाला. इस्त्री बंद झाली होती.

गेले दोन महिने ती रोज याच वेळी बंद होत होती.

मंगल उठली आणि खोक्यांना वळसा घालून पलीकडे गेली. तो दचकून परत बटणाकडे वळला. "चालू करतो ताई, चालू करतो."

"नाव काय वो तुमचं?"

त्याला जरा वेळच लागला. "रामसकल."

तीन वर्षं तो इथे उभा होता. मंगलला आपल्याच तोंडाची लाज वाटली. तिने काही बोलायच्या आत तोच खालच्या आवाजात म्हणाला, "दीदी, त्या किल्लीचं काय झालं? कपाट खुललं का?"

"चला," मंगल म्हणाली. "तिकडं बसून ऐका."

रामसकल ढिगापाशी येऊन अवघडून उभा राहिला. भामाबाईंनी त्याच्याकडे बघितलं, मग गुडघ्यावर हात टेकून सरकल्या आणि आपल्या शेजारची जागा झाडली. "बस रं बाबा. कवाचा हुभा हाईस."

मंगल उभीच राहिली. कानाला हात लावावा असं तिला वाटलं आणि तिने तो लावला.

"ज्योतिबानं तोंडाचा रंग धुतला," ती म्हणाली. "खाली त्यो गोरा न्हवता. जसा व्हता तसाच काळा व्हता. रंग त्या लोकांनी फासलेला. मग त्यानं किल्ली काढली आन् समद्यांम्होरं कपाट उघडलं."

"आत काय व्हतं गं?" क्रांती.

"शर्टं. घडी घातलेली, पांढरीफेक. जे जे लांबनं येऊन तिथं राबलं, त्येंच्यासाठी थोरल्या मालकानं शिवून ठेवलेली. आन् हर एका कॉलरीच्या आत दोऱ्यानं नाव घातलेलं. ज्योतिबा एक एक शर्ट काढाय लागला आन् नाव मोठ्यानं वाचाय लागला. समदे हुभे ऱ्हायले. हासायची कुनाची टाप न्हवती."

"पयलं कुनाचं?" भामाबाईंचा हात पदराला गेला; कालचा भंडारा आजही त्यांनी बांधून आणला होता.

"पयलं मल्हारचं."

गाठ सुटली.

"आन् दुसरं," मंगल म्हणाली, "रामसकलचं."

"बिरोबाच्या नावानं चांगभलं!" भामाबाई गुडघे विसरून ताडकन उभ्या राहिल्या आणि मूठभर भंडारा वर उडाला. क्रांतीने दुसरी मूठ घेतली. रामसकलच्या पिकल्या केसांवर, मंगलच्या खांद्यांवर, आणि शाळेच्या शंभरएक पांढऱ्या शर्टांवर भंडारा पडला.

"अगं शर्ट! शर्ट!" संयोगिताताई किंचाळल्या. "उद्या द्यायचेत ते! हळद जाते का कधी?"

रामसकलने एक शर्ट उचलला, कॉलर बोटांनी चोळून बघितली आणि उन्हाकडे हात केला. "साबण नका लावू, ताई. डाग लाल होतो. साध्या पाण्यातून काढा आणि उन्हात टाका. हळद उन्हात उडते."

त्या दिवशी दुपारपर्यंत शेडच्या दारात पिवळ्या कॉलरींची रांग वाळत होती. येणारा-जाणारा थांबून विचारत होता, आणि संयोगिताताई कपाळाला हात लावून प्रत्येकाला तेच सांगत होत्या, "निघेल म्हणे. रामसकल म्हणालाय."